छाप, वेष्टन आणि ग्राहकनिष्ठा

वेष्टन आकर्षक असले की ग्राहकाचा विश्वास बसतो आणि विश्वास बसला की तो त्या मालाशी एकनिष्ठ राहतो, असा कार्यकारणसंबंध वाणिज्यविषयक लेखनात पुष्कळदा गृहीत धरला जातो. तो कितपत टिकतो, याची परीक्षा पाहणारे एक उदाहरण आंबेगाव तालुक्याच्या इतिहासात आहे. डिंभे येथे घोड नदीवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयास ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ हे नाव आहे. याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळ या गावचे बाबू गेनू हे मुंबईत गिरणीकामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाची मालमोटार अडविताना तिच्याखाली चिरडून त्यांचा अंत झाला. ज्या कापडाविरुद्ध हा प्रतिकार झाला, त्याच्या व्यापारात वेष्टनकलेने मोठेच यश मिळविले होते.

मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या ताग्यांवर रंगीत शिलामुद्रित तिकिटे चिकटविलेली असत. लक्ष्मी, कृष्ण, वाघ, हत्ती, राजेरजवाडे हे त्यांवरील नेहमीचे विषय. इंग्रजी न जाणणारा, किंबहुना मुळीच निरक्षर असणारा ग्राहकही चित्रावरून माल ओळखू शके. चित्र म्हणून ही तिकिटे मनोवेधक आहेत. तथापि त्यांतील प्रतिमेचा मालाशी कोणताही आंतरिक संबंध नाही. लक्ष्मीच्या चित्रावरून सुताचा पीळ कळत नाही. येथे श्रद्धा देवघरातून उसनी घेतलेली असते आणि ती अपरिचित कारखानदाराच्या पदरात टाकलेली असते.

मग ग्राहक फसत होता काय? तसे म्हणणे एकांगी ठरेल. लँकेशायरच्या कापडास वजन यावे म्हणून भरमसाट खळ व चिनी माती लावली जात असे, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार होई. दुकानात हाताला जाड लागणारे कापड पहिल्या धुण्यातच विरविरीत होई. अशा स्थितीत स्पर्श आणि वजन ही प्रमाणे निरुपयोगी ठरत. ज्या छापाचे कापड धुण्यात टिकले, तीच छाप ग्राहक पुन्हा मागे. म्हणजे विश्वास निर्माण केला तो वापराने; तिकिटाने केवळ त्याची स्मृती जपली. ही स्मृती मोलाची असल्यामुळेच तिची नक्कल होऊ लागली आणि तिला कायद्याच्या संरक्षणाची गरज भासली. इंग्लंडात १८७५ मध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला. हिंदुस्थानात १८८९ मध्ये व्यापारी मालावरील खोट्या चिन्हांना आळा घालणारा कायदा आला, तर नोंदणीची तरतूद १९४० च्या कायद्याने झाली.

येथपर्यंत प्रचलित मतास थोडी दुरुस्ती पुरेशी आहे. १९३० च्या बहिष्काराने मात्र त्याचा पायाच हादरतो. त्या वर्षी विदेशी कापडाचा पोत बिघडला नव्हता, किंमत एकाएकी चढली नव्हती, तिकिटावरील देवताही बदलल्या नव्हत्या. बदलला तो ग्राहकाचा प्रश्न. ‘हे कापड टिकेल काय?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे कोणी आणि कोठे विणले?’ हा प्रश्न आला. त्याचे उत्तर तिकिटाजवळ नव्हते. ते झाकणे हेच तर त्याचे कार्य होते.

स्वदेशी मालही या मर्यादेतून सुटला नाही. देशी गिरण्यांनी भारतमाता, गांधीजी व चरखा यांची चित्रे आपल्या तिकिटांवर छापली, आणि गिरणीचे कापड खादी म्हणून विकण्याचे प्रकारही घडले. खादीचा साधेपणा हीच तिची ओळख. पण साधेपणाचीही नक्कल होऊ शकते. म्हणूनच १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघास खादी विक्रेत्यांना प्रमाणपत्रे द्यावी लागली, आणि पुढे २०१३ मध्ये ‘खादी मार्क’विषयक नियम करावे लागले. या व्यवस्थेत चिन्हामागे उत्पादनाची तपासणी उभी असते. निव्वळ चित्रामागे ती नसते.

तात्पर्य, स्मृती, प्रमाण आणि निष्ठा या तीन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. वेष्टन पहिली जपते. दुसरीची सूचना देऊ शकते, पण तिची जागा घेऊ शकत नाही. तिसरी ग्राहकाच्या मूल्यांवर अवलंबून असते, आणि ती मूल्ये बाजाराबाहेर घडतात. वेष्टनाचे परिणाम केवळ खपाच्या आकड्यांवरून मोजणाऱ्या अभ्यासात हा भेद पुसला जातो; कारण सवयीने केलेली खरेदी आणि निष्ठेने केलेली खरेदी आकड्यांत सारखीच दिसते. त्यांतील अंतर ध्यानात येते ते ग्राहक पाठ फिरवितो तेव्हा.