लोहाऱ्याचा डोंगर आणि सोन्याची वार्ता

जुन्या चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाची हकीकत बहुधा जमशेटजी टाटांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणूनच सांगितली जाते. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल त्यांच्या वाचनात आला, वरोऱ्याचा कोळसा कामास येईना, पुढे सी. एम. वेल्ड यांनी पाहणी केली आणि शोध प्रथम दुर्ग जिल्ह्याकडे व अखेर मयूरभंजातील गोरुमहिसानीकडे वळला. चरित्रकारांना यात चिकाटी व योगायोग दिसतो. अभ्यासकाने मात्र वेल्ड यांच्या नकारापाशी थांबावयास हवे. लोहाऱ्याचे खनिज कसाला उतरणारे होते. परंतु ते विखुरलेले होते. माथ्यावरील दगडाच्या श्रीमंतीवरून डोंगराच्या पोटातील सलगता सिद्ध होत नाही, हाच त्या नकाराचा अर्थ होय.

लोखंडाच्या बाबतीत निदान डोळा व वजन यांची साथ असते. सोन्याच्या बाबतीत तीही नाही. टनभर खडकात चारपाच ग्रॅम सोने असले तरी तो धातुक ठरू शकतो, आणि त्याच क्वॉर्ट्झ शिरेचा काही हातांवरील भाग संपूर्ण निकस निघू शकतो. कोलारच्या प्रख्यात चॅम्पियन शिरेतही सोने सर्वत्र सारखे नव्हते. म्हणून खाणीतील भूगर्भशास्त्रज्ञाचे काम खनिज सापडल्यावर संपत नाही. खरे तर तेथेच ते सुरू होते. दररोजच्या तोंडाचा नकाशा काढणे, शिरेच्या दोन्ही भिंती निश्चित करणे, ठराविक अंतरावर नमुने घेणे, घड्या व भ्रंश यांच्याशी कसाचे आकडे ताडून पाहणे, ही सारी कामे त्यात येतात. केवळ आकड्यांवर विसंबल्यास एखाद्या नमुन्यातील सोन्याचा ठळक कण सबंध सरासरी फुगवितो. मग भिंतीचा निकस खडक गिरणीत जातो किंवा उत्तम धातुक टाकाऊ ढिगावर पडतो.

या दृष्टीने २०२२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील मिंझरी व बामणी येथील सोन्याविषयी प्रसृत झालेल्या वार्तांची भाषा सदोष होती, असे म्हणावे लागते. ‘सोन्याचे साठे’ आणि ‘सोन्याची खाण’ हे शब्द तेथे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले. वस्तुतः भारतातील २०१५ च्या खनिज-पुराव्याच्या नियमांत शोधाच्या जी-४ ते जी-१ अशा चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर संभवाचा मागोवा असतो, शेवटच्या पायरीवर तपशीलवार मोजमाप. नदीची वाळू धुणाऱ्या सोनझाऱ्यालाही कण दिसणे व पोट भरणे यांतील अंतर ठाऊक असते; वार्ताहरास ते ठाऊक नसावे, हे नवल.

हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात छिद्रणयंत्र पोहोचविण्यासाठी प्रथम वाट पाडावी लागते. शिरेची दिशा व कल न जाणता केलेल्या प्रत्येक निष्फळ छिद्राची किंमत त्या वाटेवरील साग-मोहांनी आणि लगतच्या गावाने आधीच चुकविलेली असते.