दलदलींतील शांतता

डॉक्टरकी सोडून कॅमेऱ्याच्या मागें लागलेल्या पीटर हेन्री इमर्सनचा (१८५६–१९३६) स्वभाव शांत होता, असें कोणीहि म्हणणार नाहीं. वादाची त्याला मनापासून हौस. १८८९ सालीं ‘नॅचरॅलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथांत छायाचित्रण ही कला आहे असें त्यानें हिरीरीनें मांडलें. आणि थोड्याच काळांत काळ्या चौकटीची पुस्तिका छापून, जणुं सुतकांतच, तें मत मागें घेतलें. नवल असें कीं, त्याचीं सर्वांत निवांत चित्रें या माघारीनंतरचीं आहेत.

१८९५ सालच्या ‘मार्श लीव्ह्ज’ या पुस्तकांत अवघीं सोळा चित्रें आहेत. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यांतील उथळ सरोवरें, धुकें, बर्फ, लव्हाळ्याच्या चार काड्या; बस्स. तेव्हांचा कॅमेरा जड, तिवईवर ठेवावयाचा, आणि कांच एका वेळीं एकच. शिडाच्या होडींत मुक्काम करावा आणि हवा मनासारखी होण्याची वाट पाहावी, असा त्याचा क्रम. हें थांबणें चित्रांत उतरलें आहे. सुटीच्या दिवशीं कॅमेरा घेऊन खेड्यांत शांतता शोधावयास जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांस मी हीं चित्रें आवर्जून दाखवितों.

परंतु माझा आक्षेपहि येथेंच आहे. १८८६ सालीं गुडॉल या चित्रकाराबरोबर त्यानें जो ग्रंथ काढला, त्यांत लव्हाळे कापणारीं, जाळीं लावणारीं माणसें होतीं. त्यांना कॅमेऱ्यापुढें उभें केल्याचा अवघडलेपणा जाणवतो, हें खरें. तरी गार पाण्यांत पाय कोणाचे भिजतात याचा तेथें विसर पडत नाहीं. पुढच्या पुस्तकांत तीं माणसें दूर गेलीं, लहान झालीं, बहुतेक ठिकाणीं नाहींशींच झालीं. रसिक याला परिपक्वता म्हणतात. मला त्यांत थोडी सोय दिसते.

शिवाय एक गोष्ट इमर्सनला ठाऊक नव्हती. हीं सरोवरें निसर्गदत्त नव्हेत. मध्ययुगांत जळणासाठीं पीट नांवाची काळी माती खणणाऱ्या लोकांचे हे खड्डे; मागाहून पाणी चढून ते भरले, असें १९५० नंतरच्या दशकांतील संशोधनानें सिद्ध केलें. हें वाचल्यावर ‘द लोन लॅगून’ हें चित्र मीं पुन्हां उघडलें. शांत वाटलें, पण पहिल्यासारखें एकाकी वाटलें नाहीं.