खिडकीतली एमजी ४२

'कंपनी ऑफ हीरोज' या २००६ सालच्या व्हिडिओगेममधली जर्मन फौज मला पटली ती एका साध्या प्रसंगामुळे. अमेरिकन रायफलवाल्यांची तुकडी गावच्या रस्त्यावरून धावत येते. समोरच्या घराच्या खिडकीत एमजी ४२ मशीनगन लावलेली असते. पहिली फैर सुटताच सहाच्या सहा जण जमिनीला चिकटतात. मरत फारसं कुणी नाही. पण तुकडी आता सरपटते, नेम ढासळतो आणि मारा चालूच राहिला तर ती जागची हलत नाही. मग दुसरी तुकडी कुंपणाआडून वळसा घालून बगलेत न्यावी लागते, कारण मशीनगनचं तोंड वळवून ती पुन्हा मांडायला वेळ जातो.

गणवेशाच्या बिल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त इतिहास या काही सेकंदांत आहे. जर्मन पायदळाची तुकडी बांधलेलीच असे मशीनगनभोवती. मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्यांचा वेग असलेली ती मुख्य. बाकीचे रायफलवाले तिच्या गोळ्यांचे पट्टे वाहायचे, तिच्या बाजू राखायचे. अमेरिकन तुकडीची भिस्त प्रत्येकाच्या हातातल्या गॅरँड रायफलीवर. हा फरक गेम कुठे समजावून सांगत बसत नाही, तो नियमांत मुरवतो. जर्मन बाजूने खेळायला बसलं की डोळे आधी मशीनगनसाठी जागा हेरतात, माणसं कुठे ठेवायची ते नंतर. लढाईची एक अख्खी विचारपद्धत हाताला अशी लागते, ही मला या गेमची सर्वात मोठी कमाई वाटते.

नावांशी मात्र गेम बेपर्वाईने वागतो. त्या मशीनगनच्या आजूबाजूला लढणारं साधं पायदळ आहे 'फोल्क्सग्रेनेडियर'. या नावाच्या डिव्हिजन उभ्या राहिल्या १९४४च्या शरदात, नॉर्मंडी हातची गेल्यावर, विमानदळातून आणि नौदलातून माणसं ओढून. गेमची गोष्ट मात्र नॉर्मंडीच्या लढाईची, आणि तिथे जूनमध्ये कारांताँ गाव लढवत होती ती फॉन डेर हाइडटे यांची ६वी पॅराशूट रेजिमेंट. निर्मात्यांना स्वस्त, कमकुवत पायदळ हवं होतं, हे कळतं. पण तसं पायदळ नॉर्मंडीत खरोखरच होतं! युटा किनाऱ्यामागच्या ७०९व्या डिव्हिजनमध्ये वय झालेले सैनिक होते, जर्मन गणवेशातले जॉर्जियनही होते. ती माणसं गेममध्ये आली असती तर नॉर्मंडीतली जर्मन बाजू किती गुंतागुंतीची होती हे दिसलं असतं. ऑस्टविंड या विमानविरोधी रणगाड्याचीही तीच गत: प्रत्यक्षात पन्नासही बनले नाहीत, इथे हवे तितके काढता येतात.

यापेक्षा जास्त मला खुपतो तो अनुभवाचा नियम. अमेरिकन तुकड्या लढून लढून कसलेल्या होतात. जर्मन बाजू मात्र 'काम्फक्राफ्ट सेंटर' नावाची इमारत बांधते, साधनसामग्री मोजते आणि अख्ख्या पायदळाची बढती विकत घेते. त्यानंतर येणारी नवी तुकडीसुद्धा कसलेली म्हणूनच मैदानात उतरते. खेळ म्हणून हे फार हुशारीचं आहे, दोन्ही बाजूंची चाल वेगळी होते. पण १९४४च्या जर्मन सैन्याला सगळ्यात जास्त चणचण याच अनुभवाची होती. जुने, मुरलेले सार्जंट रशियात पडले होते आणि बदली पोरांचं प्रशिक्षण दिवसेंदिवस आखूड होत होतं. गेमने त्या फौजेला नेमकी तीच गोष्ट दुकानात मांडून दिली आहे.

इंधनाचा नियमही बघा. इंधनाची ठाणी हातात नसतील तर पँथर बांधता येत नाही, आणि त्या ठाण्यांसाठीची झुंज जर्मनीच्या खऱ्या विवंचनेच्या जवळ जाते. पण इंधन लागतं ते फक्त बांधताना. डिसेंबर १९४४मध्ये बेल्जियमच्या ला ग्लेझ गावात जर्मन अधिकारी पायपरच्या ताफ्याने रणगाडे जागीच सोडले आणि माणसं पायी परतली, कारण टाक्या कोरड्या पडल्या होत्या. या गेममध्ये एकदा बाहेर पडलेला किंग टायगर शेवटपर्यंत चालत राहतो.