वाटेवरचा खाऊ आणि भिंतीवरचे चित्र

शिरवळच्या बाजारातील एक प्रसंग सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. शिरवळजवळच्या नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेली ही मुलगी सहा-सात वर्षांची असताना बाजाराला आली होती. खाऊ घेऊन खात खात परत निघाली असता एका झाडाखाली काही मिशनरी स्त्री-पुरुष गाणी म्हणताना तिला दिसले आणि ती तेथेच थबकली. रस्त्यातून असे खात जाणे बरे नव्हे, असे त्यांच्यापैकी एकाने तिला सांगितले. तिने खाऊ टाकून दिला. तेव्हा त्याने तिच्या हाती एक पुस्तक ठेवले. वाचता येत नसेल तर निदान यातली चित्रे पाहा, असे तो म्हणाला. घरी वडिलांनी ते पुस्तक रागाने फेकले. मुलीने ते उचलून जपले आणि १८४० साली लग्न झाल्यावर सासरी जाताना बरोबर नेले.

चालणे, खाणे आणि चित्र पाहणे या तिन्ही गोष्टी या छोट्या प्रसंगात एकत्र आल्या आहेत. योगायोग असा की, याच तिन्हींची सांगड घालणारा एक नवा प्रकार आज आपल्याकडे रुजू लागला आहे. त्याला ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात. मार्गदर्शक पुढे आणि पाच-पंचवीस हौशी माणसे मागे, असे एखादे गाव किंवा पेठ पायी पाहावयाची, जुने वाडे व चित्रे न्याहाळावयाची आणि मध्ये तिथला नामांकित पदार्थ चाखावयाचा, असे त्याचे स्वरूप असते. अशा फेरीकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. मार्ग हीच तिची संहिता आणि मार्गदर्शक हाच तिचा लेखक होय. कोठे थांबावे, काय सांगावे आणि काय गाळावे हे तोच ठरवितो. म्हणून नाटकाची किंवा ग्रंथाची समीक्षा आपण करतो, तशी फेरीचीही करावयास हवी.

या प्रकाराचा उत्तम नमुना मी दहा-बारा वर्षांपूर्वी मेक्सिको शहरात पाहिला. शहराच्या मुख्य चौकात राष्ट्रीय राजवाडा आहे. त्याच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने १९२९ पासून १९५१ पर्यंत, मध्ये खंड पडत, आपल्या देशाचा इतिहास रंगविला. निरक्षर जनतेला आपला इतिहास भिंतीवर वाचता यावा, या विचाराने १९२१ नंतर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या केल्या. त्या चळवळीचे हे फळ. शिरवळच्या त्या मिशनऱ्याचेच म्हणणे येथे एका सरकारने आपले धोरण म्हणून स्वीकारले होते. १९४५ च्या एका चित्रात स्पॅनिश येण्यापूर्वीचा भरगच्च बाजार आहे, तर १९५० च्या एका चित्रात मक्याची शेती आणि मका वाटणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्यासमोरचा दगड पाहताच मला आमच्या घरचा पाटा आठवला.

आमची मार्गदर्शक एक तरुण मुलगी होती. चित्रासमोर तिने फार बोलणे टाळले. तेथून ती आम्हाला बाजारात घेऊन गेली आणि भाकरीसारखी पातळ ‘तोर्तिया’ भाजणाऱ्या एका बाईसमोर उभे केले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटतात. त्याने साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि अन्न अधिक पौष्टिक होते. चुन्याचा मंद वास घेत पहिला घास खाल्ला तेव्हा भिंतीवरच्या बाईचे वाकलेले खांदे मला खऱ्या अर्थाने दिसले. चित्राने घासाचा अर्थ सांगितला आणि घासाने चित्राचा. नंतर त्या मुलीने आणखी एक गोष्ट केली. रिव्हेराने स्पॅनिशांपूर्वीचा काळ उजळ रंगविला आणि नंतरचा काळवंडलेला. तेव्हा त्याचे ऐका, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका, असे बजावून ती आम्हाला त्याच चौकातील कॅथीड्रलमध्ये घेऊन गेली. त्या चित्रांतील धर्मगुरूंची लोभी तोंडे पाहून मी थोडा दुखावलो होतो. पण आपल्या लाडक्या चित्रकारालाही प्रश्न विचारणारी ती मुलगी पाहून माझी तक्रार विरघळली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांबरोबर मी पुण्याहून निघणाऱ्या अशाच एका सहलीत सहभागी झालो. शिरवळला न्याहारी, खंबाटकी घाट ओलांडून वाई, मग मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा व घाट आणि शेवटी पंगतीचे जेवण असा बेत होता. आखणी नेटकी होती आणि मार्गदर्शक उत्साही होता. दिवस आनंदात गेला, हे प्रथमच मान्य करतो. उणीव जाणवली ती सांगण्यात.

शिरवळला आम्ही वडापाव खाल्ला. ‘अस्सल मराठी मातीतला पदार्थ’ अशी त्याची ओळख करून देण्यात आली. खरे तर वडापाव हा जगाचा नकाशाच आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून आला आणि पाव पोर्तुगीजांनी आणला. दोन्ही शब्दही त्यांचेच. मिरचीचे माहेर मेक्सिको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तिखटपणामुळे आपल्या जुन्या मिऱ्यावरून तिला नाव मिळाले. शेंगदाणाही त्याच खंडातला. दुपारच्या पंगतीत ठेचा वाढताना ‘हजारो वर्षांची चव’ असे शब्द कानी पडले, तेव्हा ज्ञानेश्वरांच्या काळी या भूमीत मिरचीच नव्हती, हे सांगण्याचा मोह मी कष्टाने आवरला. वाड्याच्या दारावरचे झेंडूचे तोरणही मेक्सिकोचेच लेणे आहे. तेथे मृतांच्या स्मरणदिनी नोव्हेंबरच्या आरंभी कबरी त्याच फुलांनी सजवितात आणि आपण दसऱ्याला दारे सजवितो. उलट दिशेनेही देणे गेले. ‘मोले’ या त्यांच्या प्रसिद्ध कालवणात मिरची व कोको त्यांचा असतो, पण दालचिनी, लवंग आणि मिरे पूर्वेकडचे.

हे सांगितल्याने वडापावाचे मराठीपण उणावते काय? मुळीच नाही. बेसनात घोळवून, तळून, लसणीच्या चटणीसह पावात घालण्याची कल्पना ज्यांना सुचली ती माणसे येथलीच. आपलेपण उगमावर ठरत नसते. आलेल्या गोष्टीचे आपण काय केले यावर ते ठरते. ‘हे आमचे’ एवढेच सांगणारी फेरी मालकीची यादी वाचून दाखविते. ‘हे येथवर कसे आले’ हे सांगणारी फेरी खरे शिक्षण देते. आमच्या सहलीचा मूलभूत दोष हाच होता.

मेणवलीस तो दोष बोचरा झाला. वाड्यातील भिंतींवर देवादिकांची सुंदर रंगचित्रे आहेत. त्यांच्यापेक्षा अधिक वेळ ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटाचे चित्रीकरण कोठे झाले हे दाखविण्यात गेला. मग आम्ही कृष्णेच्या घाटावर उतरलो. तेथे पंचधातूची मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची प्रतिमा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकी ही एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही अशा घंटा आहेत. ‘परक्यांकडून जिंकून आणलेली घंटा’ एवढे एक वाक्य बोलून मार्गदर्शक पुढे गेला. आमच्यातील एक मुलगा, ज्याचे आजोळ वसईचे आहे, मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, “फादर, परके म्हणजे आपण का?”

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेले उत्तर आहे. पोर्तुगीज सत्ता परकी होती, जुलमी होती आणि वसई प्रांतातील देवळेही तिने पाडली, हे आपण ख्रिस्ती माणसांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तेव्हा विजयाचे ते चिन्ह कोणी मिरविले तर रुसण्याचे कारण नाही. पण त्या घंटेच्या नादावर उठणारे, शेतावर जाणारे आणि सांजप्रार्थनेला थांबणारे लोक लिस्बनचे नव्हते. ते वसईचेच भूमिपुत्र होते आणि त्यांची लेकरे आज मराठीतच प्रार्थना करतात. हे दुसरे वाक्य मार्गदर्शकाने उच्चारले असते, तर त्या मुलाला तो प्रश्न पडला नसता. शिवाय तीच घंटा इतकी वर्षे कृष्णाकाठी जपली गेली, मूर्ती न घासता जपली गेली, हेही सांगण्याजोगे होते. त्यात विजयाबरोबर औदार्यही आहे.

वसईने जगाला केवळ घंटा दिल्या असे नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि मेक्सिको शहरात जन्मलेले संत फेलिपे हे दोघेही ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मे झालेल्या सव्वीस जणांपैकी होत. १८६२ साली त्यांना एकत्रच संतपद मिळाले. मेक्सिकोतील कुएर्नावाका येथील कॅथीड्रलच्या भिंतींवर या हुतात्म्यांची कथा रंगविलेली आहे. चुन्याच्या थरांखाली दडलेली ती चित्रे विसाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा उघडी झाली. वसईची घंटा मेणवलीच्या घाटावर आणि वसईच्या सुपुत्राची कथा मेक्सिकोच्या भिंतीवर! कोणाचे काय आणि कोठले, हा हिशेब इतका सरळ नाही.

परतताना गाडी पुन्हा शिरवळवरून गेली. गावात एक जुनी दगडी पाणपोई आहे. नीरेकाठच्या या वाटेवरील तहानलेल्या प्रवाशांसाठी कोणीतरी ती बांधली. सहलीच्या पत्रिकेत तिला स्थान नव्हते. नायगावचाही उल्लेख झाला नाही. माझ्या मते शिरवळची फेरी त्या पाणपोईपाशीच सुरू व्हावी आणि तेथे मार्गदर्शकाने एक अवघड प्रश्न विचारावा: हे पाणी सर्वांना मिळत होते काय? कारण त्या बाजारात पुस्तक मिळालेल्या मुलीच्या पतीला, जोतीरावांना, १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मुद्दाम खुला करावा लागला होता.

पुढल्या खेपेस त्या मुलाला घेऊन मी स्वतःच ही फेरी काढणार आहे. पाणपोईनंतर वडापाव खाऊ, अर्थात बसून. रस्त्यात खाणे बरे नव्हे, हा शिरवळचा जुना धडा आहे. मग घाट ओलांडून घंटेपाशी जाऊ आणि ती कोठून आली, कशी आली, कोणी जपली, हे सारे त्याला सांगू. चिमुकल्या सावित्रीने ते पुस्तक कोणाचे आहे असे विचारले नाही. तिने ते उचलले, जपले आणि पुढे आपल्या माणसांसाठी शाळेचे दार उघडले.