निवड देवाची, मोजपट्टी कुणाची?

ख्रिस्ती प्रवचनांतून एक विषय पुन्हा पुन्हा येतो : जगाने टाकलेल्या माणसाला देव निवडतो. मोशे बोलण्यात जड, आमोस गुरामेंढरांमागचा, मत्तय लोकांनी झिडकारलेला जकातदार. दलित श्रोत्याला यात दिलासा वाटतो, आणि तो खोटा नाही. ज्याची कधी गणतीच झाली नाही त्याला कुणी नावाने हाक मारतो, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु दिलाशाचीही चिकित्सा केली पाहिजे.

दाविदाची कथा घ्या. शमुवेल इशायाच्या घरी येतो. सात मुलगे त्याच्यापुढे उभे केले जातात. आठवा रानात मेंढरे राखतो आहे. त्याला बोलवावे असे बापालाही वाटत नाही. देव नेमका त्यालाच निवडतो. प्रवचन बहुधा येथे थांबते. ग्रंथ थांबत नाही. हाच मेंढपाळ राजा होतो, आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको घेतो आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवतो. मग नाथान संदेष्ट्याला राजाला जाब विचारावा लागतो. तळातला एक माणूस वर गेला. सिंहासन होते तसेच राहिले. हा अनुभव आपल्या चळवळीला काही परका नाही.

पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की देवाने दुर्बळ आणि तुच्छ निवडले, ते कुणी बढाई मारू नये म्हणून. हा विचार सत्ताधाऱ्याला सांगितला तर तो आसूड ठरतो. वर बसलेल्याने तो तळातल्याला ऐकवला की त्याचा अर्थ होतो : उपकार मान आणि गप्प राहा. मग माणसाला तुच्छ ठरवणारी मोजपट्टी शाबूत राहते आणि कौतुक फक्त निवडणाऱ्याचे होते.

लूकच्या शुभवर्तमानातील मरीयेचे गीत मात्र वेगळे आहे. ही साधी मुलगी स्वतःच्या निवडीपाशी थांबत नाही. सत्ताधीश आसनांवरून खाली येतील, भुकेले तृप्त होतील, धनवान रिकाम्या हातांनी जातील, असे ती गाते. येथे निवड एकटीची, उलथापालथ सर्वांसाठी.

१९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्र मांडताना अरविंद निर्मल यांनी अनुवादाच्या २६ व्या अध्यायाचा आधार घेतला. तेथे इस्राएली माणूस आपल्या भटक्या अरामी पूर्वजापासून आणि मिसरातील जाचापासून आपली कबुली सुरू करतो. निर्मल यांचे म्हणणे असे की दलित ख्रिस्त्यानेही आपला दलित पूर्वज आठवावा. माझ्या मते त्यांचे मोल यातच आहे. निवडलेला माणूस येथे कुणाच्या दृष्टांतातले पात्र राहत नाही. तो स्वतःचा इतिहास स्वतः बोलतो.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. ख्रिस्ती झाला म्हणजे जात संपली, असे कागद म्हणतो. आणि तमिळनाडूत काही ठिकाणी त्यांची दफनभूमीसुद्धा वेगळी! देवाने निवडलेल्या माणसाला मेल्यावरही शेजार मिळत नसेल, तर व्यासपीठावरून दाविदाची गोष्ट सांगणाऱ्याने आधी त्या दोन दफनभूमींमधली भिंत पाडावी. मग निवडीविषयी बोलावे.