खेळाला किती गुण द्यावेत?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आम्ही आकाशदर्शनाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. ऐन वेळी ढग आले, दुर्बीण पेटीतच राहिली आणि मुलांशी गप्पा सुरू झाल्या. वर्गातील बरीच मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली होती. मागे राहिलेली आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात होती. कारखान्यावर गेलेल्या आईशी रात्री बोलता यावे म्हणून घरात एक मोबाइल ठेवलेला असतो, आणि बोलणे संपले की त्यावर खेळ सुरू होतात. खेळांविषयी मुलांची मते ठाम होती. 'एक नंबर', 'फालतू', 'दहापैकी नऊ'. पण 'का?' असे विचारल्यावर मात्र कोणी बोलेना.

यात मुलांचा दोष नाही. व्यवसायाने समीक्षा करणारेही अखेरीस हेच करतात. चार ओळींचा निवाडा आणि त्याखाली एक आकडा. २००१ साली सुरू झालेली मेटाक्रिटिक ही सेवा अशा अनेक समीक्षकांचे आकडे गोळा करून शंभरपैकी एकच सरासरी आकडा काढते. कोणी तारे दिलेले असतात, कोणी श्रेणी; ते सारे शंभराच्या मापात बसवले जाते. काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन दिले जाते, पण ते किती हे सांगितले जात नाही. मापनाचे प्राथमिक नियम शिकवणाऱ्या शिक्षकाला यातील अडचण लगेच दिसेल. निरनिराळ्या पट्ट्यांनी घेतलेल्या मोजमापांची सरासरी काढायची, आणि त्रुटीची मर्यादा मात्र लिहायची नाही!

अशा आकड्याचे परिणाम मात्र खरे असतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा खेळ २०१० साली आला. सरासरी ८५ झाली तर निर्मात्या ऑब्सिडियन कंपनीला जादा रक्कम मिळणार होती. ती ८४ झाली आणि रक्कम हुकली. कंपनीतील एक प्रमुख लेखक ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट उघड केली. एका गुणाने प्रवेश हुकलेले विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यावर अधिक भाष्य नको.

मग खेळाची पारख कशी करावी? विज्ञानाच्या अभ्यासकाला एक वाट जवळची आहे. आम्ही प्रयोगशाळेत निसर्गाची प्रारूपे तयार करतो. काही गोष्टी धरतो, काही सोडतो, आणि सोडलेल्या गोष्टींमुळे उत्तर कुठे चुकेल याचा विचार करतो. व्हिडिओ गेम हेही एक प्रारूपच आहे. तेव्हा प्रश्न असा विचारावा : या खेळाने जगाचा कोणता नियम धरला आणि काय वगळले? या दृष्टीने चार खेळांवरील आमचे अभिप्राय पुढे देत आहोत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा आम्ही विचार केलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केलाच आहे.

१. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया (मोबाइल)

पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली. त्याचा हा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. शाळेतील मुलांना सर्वांत परिचित खेळ हाच होता. यात धरलेला नियम चांगला आहे. गोळी तत्क्षणी पोचत नाही, तिला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ती खाली येते. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी ४०० मीटर अंतरावर अर्ध्या सेकंदात पोचते असे धरू. हवेचा विरोध सोडला तर ½gt² या सूत्राने ती सुमारे सव्वा मीटर खाली येईल. दूरच्या लक्ष्याच्या वर नेम धरणारा मुलगा हे सूत्र बोटांनी शिकलेला असतो. त्याला फळ्यावर ते ओळखता येत नाही, एवढेच. विमानातून उडी मारल्यावर पडण्याचा वेगही पाहण्यासारखा आहे. डोके खाली करून सूर मारला तरी तो ताशी २३४ किलोमीटरपाशी थांबतो. हा अंतिम वेग. पाठ्यपुस्तकात न रमणारी मुले यावर अर्धा तास बोलली.

मोबाइलवर नेम धरायला खेळ स्वतः थोडी मदत करतो, हे मात्र मुलांना सांगावे. आणि वगळलेले काय? जखम, वेदना आणि मरणानंतरचे घर. पुढच्या मिनिटाला नवा डाव सुरू होतो.

निवाडा : यांत्रिकीचा चांगला तास, पण तो तास संपला की मोबाइल ठेवावा. लहान मुलांसाठी नव्हे.

२. राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक (निन्टेंडो स्विच, संगणक, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन)

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेची ही निर्मिती. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळी थांबली नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ आधी स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघते आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात. राजस्थानी धाटणीच्या वास्तू, जाळ्या आणि रंग यांची समीक्षकांनी स्तुती केली. लढाई आणि हालचाल अडखळते अशी तक्रारही अनेकांनी केली. दोन्ही मते आम्हाला मान्य आहेत.

शिक्षकांच्या उपयोगाची आहेत ती यातील फिरत्या वर्तुळांची कोडी. तुकडे झालेले चित्र वर्तुळे फिरवून जुळवायचे असते. समजा तीन वर्तुळे आहेत आणि प्रत्येकाच्या आठ स्थिती आहेत. एकूण जुळण्या ८×८×८, म्हणजे ५१२. मग मुले एवढ्या चटकन उत्तर कशी काढतात? कारण ती सर्व जुळण्या तपासत नाहीत; एक कडा जुळली की ती पक्की करतात. शोधाची पद्धत म्हणतात ती हीच.

निवाडा : डोळ्यांना मेजवानी, हातांना थोडी निराशा. 'आपल्याकडचा' म्हणून जादा गुण देऊ नयेत. त्याची गरजही नाही.

३. कर्बल स्पेस प्रोग्रॅम (संगणक, पुढे प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन)

मेक्सिकोतील स्क्वाड कंपनीचा हा खेळ २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. इथे अग्निबाण स्वतः जोडायचा आणि कक्षेत न्यायचा. पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी इंजिन चालवले की पलीकडचा बिंदू दूर सरकतो. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ने टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवली ती याच रीतीने. ही गोष्ट तासभर समजावून सांगण्यापेक्षा या खेळात दहा मिनिटांत पटते.

वगळलेल्या गोष्टींतही धडा आहे. खेळातील ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, पण पृष्ठभागावरील गुरुत्वत्वरण पृथ्वीइतकेच. त्वरण हे घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. त्रिज्या साडेदहा पटींहून थोडी लहान, म्हणून घनता तितकीच पट मोठी हवी : घन सेंटिमीटरला सुमारे ५८ ग्रॅम. आपल्याला माहीत असलेला सर्वांत घन धातू ऑस्मियम २२.६ ग्रॅमचा! ही सवलत निर्मात्यांनी जाणूनबुजून घेतली, कारण त्यामुळे कक्षेसाठी सेकंदाला पावणेआठऐवजी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो आणि खेळणारा कंटाळत नाही. दुसरी सवलत अशी की, मूळ खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्व चालते. त्यामुळे पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील एल-१ बिंदू तिथे अस्तित्वातच नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथे पोचलेले आदित्य-एल१ या खेळात ठेवायला जागा नाही.

२०१६ ची कन्सोल आवृत्ती सदोष निघाली. सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आली. २०२३ मधला दुसरा भाग अपुराच राहिला.

निवाडा : शाळेत एक बरा संगणक असेल तर पहिला भाग घ्यावा, आणि आधी वरचे गणित सोडवून घ्यावे.

४. फार्मिंग सिम्युलेटर २५ (संगणक, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सीरीज)

स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा शेतीचा हा खेळ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. आकाशदर्शनाला आलेल्या नववीतील एका मुलाने तो मामाच्या संगणकावर खेळून पाहिला होता. त्याने आम्हाला आपणहून सांगितले, "सर, ह्याच्यात उसाला पाणी द्यायचं कामच नाही. पाऊस आला तर उलट काढणी थांबते."

हे अगदी बरोबर आहे. नांगरणी, खत, चुना, तण यांचा हिशेब खेळ नेमकेपणाने ठेवतो. भाताच्या खाचरांना पाणी लागते, गारपिटीने पीक बिघडते. ऊस एकदा तोडला की खोडवा आपोआप फुटतो, हेही खरे आहे. परंतु बाकीच्या शेतातील पीक पावसावाचून वाळत नाही. युरोपातील निर्मात्याला पाणी हे गृहीत धरण्याजोगे वाटले असावे. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उसाला दोन हजारांच्या घरात पाणी लागते. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. अशा ठिकाणच्या मुलाला हे प्रारूप कुठे तुटते ते समीक्षकाआधी कळले, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या शेजारच्या मुलीने विचारली. "तोडायला माणसं कुठंयत?" खेळात ऊस यंत्र तोडते. मजूर लावता येतो, पण तो यंत्र चालवण्यापुरता. कोयता नाही, मोळी नाही, मुकादमाची उचल नाही. पीक विकून आलेला पैसा मात्र पै न् पै मोजला जातो. आम्ही वाचलेल्या परीक्षणांत यंत्रांच्या हुबेहूबपणाबद्दल बरेच होते. या दोन प्रश्नांबद्दल एक ओळही नव्हती.

निवाडा : यंत्रांचे प्रारूप उत्तम, शेतीचे अर्धे.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. वर्गात मोबाइल आणू द्यावा की नाही हा वाद चालू राहो. खेळांविषयीचे लेखन मात्र वर्गात जरूर आणावे. मुलांना त्यांच्या आवडत्या खेळावर दहा ओळी लिहायला सांगाव्यात. गुण देण्यास मनाई करावी. तीन प्रश्नांची उत्तरे मात्र मागावीत : खेळात कोणता नियम चालतो? तो तुम्ही कसा तपासला? तुमच्या गावात खरी असलेली कोणती गोष्ट त्यात नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवताना मुले आपोआप प्रयोग करू लागतील. एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि नोंद ठेवणे त्यांना स्वतःहून सुचेल. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी जपून ठेवावीत. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परतणाऱ्या मुलांकडून तर ती मुद्दाम लिहून घ्यावीत, कारण बुडालेल्या तासांच्या बदल्यात त्यांनी जे पाहिलेले असते त्याची नोंद कोणत्याच गुणपत्रिकेत होत नाही.

त्या रात्री ढग काही हटले नाहीत. पुढच्या खेपेस आम्ही दुर्बिणीबरोबर कर्बलचे गणितही नेणार आहोत.