साक्षीपलीकडचं लेखन: ए. रेवती आणि पारलिंगी आत्मकथन

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या बटलर ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर होमर, हिरोडोटस, सोफोक्लीज, प्लेटो अशी आठ नावं दगडात कोरलेली आहेत. आठही पुरुषांची. १९८९ साली एका विद्यार्थिनीच्या पुढाकारानं त्या नावांच्या वर लेखिकांच्या नावांचा फलक लागला. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, तिथं पुन्हा असाच फलक लावला गेला. त्यावर माया अँजेलो, झोरा नील हर्स्टन आणि टोनी मॉरिसन यांच्या पंगतीत तमिळ लेखिका ए. रेवती यांचं नाव होतं. आपल्याकडे मात्र रेवतींची ओळख अजूनही ‘तृतीयपंथीयांसाठी काम करणारी कार्यकर्ती’ अशीच करून दिली जाते. त्यांची पुस्तकं परिसंवादांत आणि अभ्यासक्रमांत पोहोचली, पण ती माहितीचा साठा म्हणून. त्यांचं गद्य कसं आहे, प्रसंग कसे रचले आहेत, काय सांगितलं आणि काय गाळलं, याची चर्चा फारशी झाली नाही. भारतातल्या पारलिंगी लेखनाचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो.

तमिळनाडूतल्या नामक्कल भागात एका शेतकरी कुटुंबात रेवतींचा जन्म झाला. घरानं ठेवलेलं नाव दोरैसामी. घरातलं शेंडेफळ. आईच्या मागे मागे फिरणारं, अंगण झाडणारं, बहिणीचे कपडे घालून पाहणारं हे मूल शाळेत टिंगलीचा विषय होतं. त्यांच्या ‘वेळ्ळै मोळि’ या आत्मकथनातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मारिअम्मनच्या जत्रेत हे मूल कुरत्तीचा, म्हणजे भटक्या जमातीतल्या बाईचा, वेष घेऊन नाचतं. गाव कौतुक करतं, कारण गावाच्या लेखी ते सोंग आहे. नाच संपल्यावर पुन्हा शर्ट चढवताना मात्र त्या मुलाला वाटतं, की खरं सोंग आता सुरू झालं. या अनुभवावर रेवती भाष्य करत नाहीत. त्या प्रसंग मांडतात आणि पुढे जातात. नाटकातल्या स्त्रीपार्टीला डोक्यावर घेणाऱ्या आणि तमाशातल्या नाच्याला शिट्ट्या मारणाऱ्या मराठी वाचकाला ती दोन पानं कुठं लागतात, हे वेगळं सांगायला नको. रंगमंचावर जे चालतं ते उंबरठ्याच्या आत चालत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

पुढे घर सुटतं. दिल्लीत गुरू भेटते, मग मुंबई, मग बंगळूर. पण या पुस्तकाचा खरा आराखडा पळून जाण्याचा नाही, परत येण्याचा आहे. रेवती पुन्हा पुन्हा घरी येतात. एकदा भाऊ क्रिकेटच्या बॅटनं मारतो. वाढवलेले केस काढून टाकले जातात. तरी त्या येतात. आईवडिलांची ओढ आहेच, शिवाय वाटणीतल्या हक्काचा प्रश्नही आहे. मुलगा म्हणून जन्मलेल्याला वाटा मिळतो आणि मुलगी म्हणून आलेल्याला आडकाठी होते, हा गुंता त्या शेतकरी घरातल्या रोखठोक भाषेत सांगतात. ‘अंधारातून उजेडाकडे’ अशी सरळ चढण या पुस्तकात नाही. प्रत्येक परतण्यात थोडं मिळतं आणि थोडं तुटतं. म्हणूनच ते खरं वाटतं.

हिजडा जमातीचं चित्रण हे या पुस्तकाचं दुसरं मोठं बळ. गुरू-चेल्याचं नातं, सासुरवाशिणीला असते तशी घरकामाची शिस्त, आसरा आणि जाच एकाच हातानं देणारी वडीलधारी माणसं, धंद्याच्या रात्री, गुंडांची आणि पोलिसांची मारहाण हे सगळं त्यात आहे. बाहेरच्या वाचकासमोर आपली माणसं उघडी पाडायची का, हा प्रश्न अशा लेखकासमोर नेहमीच असतो. रेवती जमातीतला जाच लपवत नाहीत आणि त्याचं भांडवलही करत नाहीत. ज्या गुरूबद्दल तक्रार आहे, तिनं वाढलेल्या जेवणाचीही नोंद होते. हा समतोल फार थोड्या आत्मकथनांना साधला आहे.

त्यांच्या लेखनाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. १९९९ च्या सुमारास त्या बंगळूरच्या ‘संगमा’ या संस्थेत दाखल झाल्या. २००४ साली ‘उणर्वुम उरुवमुम’ हे त्यांचं पहिलं पुस्तक तमिळमध्ये आलं. त्यात स्वतःची कथा नव्हती. तमिळनाडूतल्या आपल्यासारख्याच इतरांना भेटून, बोलतं करून लिहिलेल्या हकिगती होत्या. म्हणजे या लेखिकेनं आधी ऐकण्याची उमेदवारी केली. नंतर स्वतःचं आयुष्य तमिळमध्ये लिहिलं. व्ही. गीता यांनी त्याचा केलेला इंग्रजी अनुवाद २०१० साली आधी छापून आला आणि मूळ तमिळ ‘वेळ्ळै मोळि’ त्यानंतर, २०११ मध्ये. आपल्या भाषेत लिहिलेलं पुस्तक आपल्या भाषेच्या वाचकांपर्यंत इंग्रजीच्या मागून पोहोचावं, ही प्रादेशिक भाषांतल्या प्रकाशनव्यवहाराला लागलेली बोच आहे. पुढे त्याच पुस्तकावरचा प्रयोग घेऊन रेवती स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. २०१६ च्या पुस्तकात त्यांनी आपल्या कामाची कहाणी सांगितली आणि मोठी जागा पारलिंगी पुरुषांच्या हकिगतींना दिली. स्त्रीदेह घेऊन जन्मलेल्या आणि पुरुष म्हणून जगणाऱ्या या माणसांना आधार देणारी जमात नसते, टाळी नसते, लोकांच्या डोळ्यांसमोर त्यांची प्रतिमाही नसते. नाव झाल्यावर आपलं पान दुसऱ्याला देणारी लेखिका म्हणून रेवतींबद्दल मला विशेष आदर आहे.

रेवतींच्या पहिल्या पुस्तकानंतर या वाटेवर बरीच पावलं उमटली. लिव्हिंग स्माइल विद्या यांचं ‘नान, सरवणन विद्या’ २००७ चं. भाषाशास्त्रात एम.ए. केलेली, नाटकात रमणारी ही तरुणी पुण्यात येऊन रेल्वेत भीक मागत होती. शिक्षणानं मिळणारी प्रतिष्ठा एका साडीनं कशी गळून पडते, हे त्या पानांवर दिसतं. त्या आत्मकथनावरून ‘नानु अवनल्ल... अवळु’ हा कन्नड चित्रपट झाला आणि संचारी विजय यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत २०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ आलं, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. बंगालीच्या प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झालेल्या मानबी बंद्योपाध्याय यांचं २०१७ चं पुस्तक आणि बंगळूरच्या अक्कै पद्मशाली यांचं २०२२ चं पुस्तक, दोन्ही इंग्रजीत, सांगून लिहून घेतलेली.

एवढी पुस्तकं सलग वाचली की एक साचा दिसू लागतो. बालपणीचा नाच, घरातली मारहाण, पलायन, गुरू, शस्त्रक्रिया, संस्था, शेवटी व्यासपीठ आणि ‘देशातील पहिली’ ही पदवी. ही आयुष्यं खोटी नाहीत. पण आयुष्यातलं नेमकं काय छापायचं, हे बऱ्याच अंशी वाचकाच्या कुतूहलानं ठरवलं आहे. ते कुतूहल देहाभोवती फिरतं. शब्दांकनानं अनेक आवाज कागदावर आले, हे त्याचं ऋण मान्यच. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, स्वतःची खोली नसलेल्या माणसाला दुसरा मार्ग तरी कुठला? तरीही त्याची किंमत मोजावी लागते. लिहिणारा स्वतः वाक्याशी झुंजतो तेव्हा त्याला न ठरवलेलं सापडतं, आणि दुसऱ्याला सांगताना माणूस बहुधा आधी अनेकदा सांगितलेलंच सांगतो. लक्ष्मी यांच्या पुस्तकात बोलण्याचा झपाटा आहे, ठाण्यातल्या घरानं मुलाला टाकलं नाही ही विलक्षण गोष्ट आहे. पण आईवडिलांच्या मनात त्या वर्षांत काय चाललं असेल, तिथं पुस्तक थांबत नाही. रेवती थांबल्या असत्या.

हा साचा पाहताना ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस यांची आठवण होते. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी जगाला देणाऱ्या, व्हेनिसवर आणि ब्रिटिश साम्राज्यावर लिहिणाऱ्या या लेखिकेनं आपल्या लिंगबदलावर १९७४ साली एक पुस्तक लिहिलं. मग पुन्हा शहरांकडे वळून आणखी चाळीसेक वर्षं लिहिलं. नाव, पैसा आणि शिक्षण हाताशी असल्यानं ते जमलं, हे खरं. पण शहरावर लिहिण्याची मुभा आपण किती पारलिंगी लेखकांना दिली? पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आणि २०१९ च्या कायद्यानं ओळखपत्राचा प्रश्न ऐरणीवर आला. संपादकाचा दूरध्वनी मात्र अजून ‘तुमच्या आयुष्यावर लिहा’ एवढंच सांगतो.

मराठीला हा पेच नवा नाही. १९७८ साली दया पवार यांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन आलं, तेव्हा त्यातल्या दाहक वास्तवावर रकाने भरले. पण दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन रूपांना समोरासमोर बसवण्याची रचना किती धाडसी होती, याची चर्चा त्या मानानं थोडी झाली. दलित आत्मकथनांना ‘दस्तऐवज’ म्हणून गौरवताना आपण त्यांची कला बाजूला ठेवली. तीच चूक पुन्हा करू नये. राजन गवसांच्या ‘भंडारभोग’मध्ये जोगता आला, आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये नाच्या आला. दोन्ही समर्थ कादंबऱ्या आहेत, आस्थेनं लिहिलेल्या, पण बाहेरून. ते आतून लिहिलं जाईल तेव्हा कादंबरीचं रूपच बदलेल, अशी माझी खात्री आहे.

कवितेत ही हालचाल सुरू झाली आहे. २०१८ च्या जुलैत साहित्य अकादमीनं कोलकात्यात पारलिंगी कवींचं संमेलन भरवलं. मराठीत दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा संग्रह आहे. या कवितेत देह आहे, तसेच जात, भूक आणि राजकारणही आहेत. तिच्यावर लिहिताना समीक्षकानं कवयित्रीच्या चरित्रापाशी अडून राहू नये. ओळ कुठं तुटते, बोलीतला शब्द कुठल्या जागी येतो, ढसाळांनंतरच्या शहरी मराठी कवितेशी तिचं नातं काय, कुठली कविता सैल आहे आणि का, हे सगळं विचारावं. आणि संपादकांनी दिवाळी अंकासाठी पारलिंगी लेखकांकडे पावसावरचा, प्रवासावरचा, आवडत्या पुस्तकावरचा लेख मागावा.